अँटेनाचा मास्ट बनवून घेतला, रत्नागिरी एमआयडीसी

हॅम रेडिओच्या (हौशी लोकांचा वायरलेस) दोन मीटर तरंगलांबीच्या बँडसाठी नऊ मीटरचा मास्ट, म्हणजे अँटेना उंच धरणारा खांब, हवा होता, डिझाइन माझं, फॅब्रिकेशन मिरजोळ्याच्या एका छोट्या वर्कशॉपमधे करून घेतलं आणि काम खरंच एक नंबर झालंय. आपल्या खाऱ्या हवेत साधा काळा पाईप कितीही रंग मारा, गंजतोच, म्हणून त्यांनी स्वतःहून सी क्लासचा, म्हणजे जाड भिंतीचा, जीआय (झिंकचा थर दिलेला) पाईप घ्यायला लावला, आणि वेल्डिंगला झिंक जळतं ना, तो प्रत्येक जोड ग्राइंडरने घासून त्यावर झिंकच्या पेंटचे दोन हात दिले. मास्टला धरणाऱ्या तारांचे ताण तीन बाजूंना 120 अंशांवर, ते घट्ट करायचे फिरकीचे टर्नबकल स्टेनलेसचे, आणि वाऱ्याने फिरून सैल पडू नयेत म्हणून त्यांच्या पोटातून तार ओवून बांधलेली, हे बघूनच मला बरं वाटलं. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते.

अर्थिंग मात्र त्यांच्याकडून घेऊ नका, एक रॉड ठोकला की झालं म्हणतात. आपला जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की रेझिस्टन्स खूप वाढतो, एका रॉडने काय होणार! मी इलेक्ट्रिशियन बोलावून तीन रॉड लांब लांब घातले, एकमेकांना जोडले आणि घराच्या मेन अर्थिंगलाही जोडले, हे शेवटचं बरेच जण सोडतात आणि वीज पडली की आतली मशिनं जातात. तांब्याची पट्टी थेट जीआयला लावू नका, ओलाव्यात झिंक खाऊन टाकते, मधे स्टेनलेसची प्लेट घाला.

मजुरी थोडी जास्त आहे, पावसाळ्याआधी गर्दी असते, मार्चमधेच सांगून ठेवा.