व्हीबीएस की खेळ-सेवा शिबिर? सुट्टीत मुलांना कुठं घालायचं

खानापूरहून मावसबहिणीचा फोन आला. "दादा, परीक्षा संपली की दोघांनाही पंधरा दिवस तुमच्याकडं पाठवते. तुमच्या चर्चची बायबल शाळा आहेच, आणि ते खेळाचं नि सेवेचं शिबिर पण सुरू झालंय म्हणे. कुठं घालू सांग की." मोठा बारा वर्षांचा, घरात एका जागी बसत नाही. धाकटी सात वर्षांची, परक्या माणसासमोर आईचा पदर सोडत नाही. मी दोन्हीकडं काम केलंय. बेळगावात संडेस्कूल (रविवारचा मुलांचा बायबल वर्ग) घेता घेता बऱ्याच व्हीबीएस, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतल्या बायबल शाळा झाल्या, आणि गेले तीन उन्हाळे पहाटे चुन्याची फक्की घेऊन मैदान आखायलाही मीच असतो. तरी तिला फोनवर झटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितो. तिच्यासारखे आणखी आईबाप याच विचारात असतील.

आधी तारखांचं बघा. आपल्याकडं मराठी शाळा असली तरी वेळापत्रक कर्नाटकाचं. १० एप्रिलच्या सुमारास निकाल, आणि मे संपता संपता शाळा पुन्हा उघडते. कोल्हापूर-सांगलीकडच्या भावंडांना सुट्टी उशिरा लागते, त्यामुळं "मामाची पोरं आली की मग घालू" म्हणून थांबलात तर दोन्ही शिबिरं हातची जातात. त्यात ईस्टर दरवर्षी सरकतो, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे कधीही येतो. बहुतेक मंडळ्या (एकेका चर्चचे भाविक) ईस्टर झाल्यावरच व्हीबीएस धरतात. कॅथलिक घरांत मे महिन्यात पहिल्या कम्युनियनची (मुलानं पहिल्यांदा प्रभुभोजन घेण्याच्या विधीची) तयारी असेल तर तेही आधी फादरांना विचारून घ्यावं.

आजोबांच्या शंकेला उत्तर

आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "फुटबॉल शिकवायला चर्च कशाला पाहिजे?" प्रश्न रास्त आहे. पण व्हीबीएसचा जन्म तरी कुठं चर्चच्या बाकावर झाला? १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एका डॉक्टरच्या पत्नीनं उन्हाळ्यात रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी चक्क भाड्यानं घेतलेल्या बिअरच्या हॉलमध्ये हे वर्ग सुरू केले. रिकामी सुट्टी आणि उनाड पोरं, गरज तीच होती. खेळाची वाटही तितकीच जुनी आहे. बास्केटबॉल १८९१ साली आणि व्हॉलीबॉल १८९५ साली तयार झाला, दोन्ही वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या शिक्षकांच्या हातून. खानापूर-चंदगडकडच्या गावांत संध्याकाळी जाळं बांधून पोरं जो व्हॉलीबॉल खेळतात, तो या संघटनेच्या व्यायामशाळेत जन्मला. मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज १९२० साली निघालं. इटलीत तुरिनला डॉन बॉस्को हे कॅथलिक धर्मगुरू तर त्याआधी काही दशकं गरीब पोरांना मैदानातच गोळा करत होते. तेव्हा खेळ ही धर्मशिक्षणातली भेसळ नाही.

व्हीबीएस जे देते ते दुसरीकडं मिळत नाही

साधारण आठ-दहा दिवस, सकाळी तीनेक तास. हातवारे करत गाणी, गोष्ट, वयानुसार वर्ग, बायबलमधल्या वचनाचं पाठांतर, रंगकाम, खाऊ, आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. लहान मुलाला रोज तेच बाक, तीच ताई, तेच गाणं मिळतं. सात वर्षांच्या पोरीला हे किती लागतं ते मी पाहिलंय. पहिले दोन दिवस दाराशी रडणारी मुलगी पाचव्या दिवशी पुढच्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्यानं गाते.

पण माझ्या लेखी व्हीबीएसचं खरं मोल भाषेत आहे, आणि सीमाभागात राहणाऱ्यांनी हे नीट तोलून बघावं. आपली बरीच मुलं आता इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात आहेत. घरी मराठी बोलतात, काही घरांत कोकणी; पण देवनागरी वाचताना अडखळतात. आजी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसते तेव्हा नातवाला तिच्याबरोबर वाचता येत नाही. व्हीबीएसमध्ये फळ्यावर रोज एक वचन मराठीत लिहिलं जातं, मुलं ते वहीत उतरवतात, घरी म्हणून दाखवतात. दहा दिवसांत दहा वचनं. एका मुलानं घरी जाऊन तेविसावं स्तोत्र आजीबरोबर म्हटलं, तर तिनं देव्हाऱ्यातली वस्तू जपावी तशी त्याची ती वही जपून ठेवली. मात्र पुस्तकं कोणत्या भाषेत येणार हे आधी विचारा. काही ठिकाणी इंग्रजीच येतात, आणि मग हा फायदा उरत नाही.

उणीव सांगायची तर दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलग्यांची. ती तिसऱ्या दिवसापासून खिडकीबाहेर बघायला लागतात. गोष्ट त्यांना पाठ असते. येशूच्या दाखल्यात जखमी वाटसरूला मदत करणारा दयाळू शोमरोनी कोण हे ती झोपेतही सांगतील, पण वाटेत पडलेल्या माणसापाशी थांबायची वेळ त्यांच्यावर व्हीबीएसमध्ये येत नाही.

मैदानावर काय घडतं

खेळ-सेवा शिबिर पहाटे सहा-साडेसहाला सुरू होतं. प्रार्थना, दहा मिनिटांचा शास्त्रपाठ, मग दीड-दोन तास खेळ, नाश्ता, गटचर्चा आणि आठवड्यातून दोनतीन दिवस सेवाकार्य. बेळगावच्या कॅम्प भागात फुटबॉलची ओढ जास्त, खेड्यांत व्हॉलीबॉल नि कबड्डी. मी मात्र खो-खोचा आग्रह धरतो.

का ते सांगतो. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर, बसलेले असतात, एक धावत असतो. बसलेल्याला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. धावणाऱ्याला उलट फिरता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. समोरचा गडी हाताशी आलाय, पण तो रेघेपलीकडं गेला की आपला पाठलाग सोडायचा आणि बसलेल्याला खो द्यायचा. गुण मग त्याच्या हातून मिळतो. दुसऱ्याला पुढं करणं हा इथं उपदेश नाही, तो नियमच आहे. बायबलमध्ये करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या नवव्या अध्यायात प्रेषित पौल शर्यतीचा आणि शरीराला शिस्त लावण्याचा दाखला देतो. आमच्या गटात तो दाखला वाचायच्या आधी मुलं तासभर पाटीवर वाट बघत बसलेली असतात, त्यामुळं समजावून सांगायला फार बोलावं लागत नाही.

कबड्डीत आणखी एक गोष्ट दिसते. स्पर्श झाला की नाही हे पुष्कळदा फक्त दोघांनाच ठाऊक असतं. गेल्या वर्षी एका पोरानं पंचानं नाबाद दिल्यावर स्वतःहून "लागला होता सर" म्हणून सांगितलं आणि बाहेर गेला. त्याचा संघ एका गुणानं हरला. गटातली दोन पोरं त्याच्यावर चिडली. त्या दिवसाची गटचर्चा नाश्त्याची वेळ उलटून गेली तरी चालूच होती, आणि कुणी उठायला तयार नव्हतं.

हे सगळं आपोआप होत नाही. पहिल्या उन्हाळ्यात आम्हीच चूक केली. जिंकायच्या नादात चांगले खेळाडू पुन्हा पुन्हा उतरवले. एक जाडसर, हळू धावणारा मुलगा तीन दिवस पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला आणि चौथ्या दिवसापासून आलाच नाही. मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई एवढंच म्हणाली, "त्याला वाटलं, देवाच्या घरात पण निवड होते." तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येकाला प्रत्येक डावात उतरवायचं हे ठरलंय. तुम्ही कुठलंही शिबिर बघा, हा नियम आहे का ते पहिल्यांदा विचारा. "आमचा कोच राज्य पातळीवर खेळलाय" हे उत्तर या प्रश्नाचं नाही.

सेवेचा कस

दोन शिबिरांत खरा फरक इथं पडतो. मोठ्या गाडीतून मुलांना नेऊन केळी वाटायची, फोटो काढायचे आणि परत यायचं, याला मी सेवा म्हणत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात डाव्या हाताला कळू न देता दान करायला सांगितलंय. मुलांना हे फोटोचं ढोंग आपल्याआधी कळतं.

पाच ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच घरी पाच वेळा जावं. आम्ही तीन-तीन मुलांच्या जोडीला एक मोठा माणूस देतो आणि त्यांना एकट्या राहणाऱ्या एकेका आजी-आजोबांकडं पाठवतो. पाणी भरणं, औषधं आणणं, अंगण झाडणं, आणि बोलणं. पहिल्या दिवशी मुलांना काय बोलावं सुचत नाही. तिसऱ्या दिवशी आजी म्हणते, "काल उशीर का केलास रे?" दुसरं काम दफनभूमी साफ करण्याचं. तिथं आपल्याच पणजोबांचं नाव दगडावर वाचून दोन भावंडं गप्प झाली होती. तिसरं, वापरलेल्या वह्यांतली कोरी पानं काढून नव्या वह्या शिवणं. जूनच्या सुरुवातीला त्या लागतातच.

व्हीबीएसमध्ये सेवेसाठी दानपेटी असते. तिचं महत्त्व आहे, पण त्यात पैसा वडिलांचा असतो.

ऊन, पाऊस, पोरींची सोय

बेळगाव उंचावर असल्यानं सकाळ आल्हाददायक असते. नऊनंतर मैदान सोडायलाच हवं. अथणी-चिक्कोडीकडं ऊन कडक, तिथं साडेआठलाच थांबावं. एप्रिलच्या उत्तरार्धापासून दुपारनंतर वळीव येतो, विजा होतात. संध्याकाळचं सत्र ठेवलं असेल तर जवळ पक्कं छप्पर आहे का बघा. खानापूर बाजूच्या जांभ्याच्या तांबड्या मैदानावर गुडघे सोलतातच, प्रथमोपचाराची पेटी नि ती वापरणारा माणूस दोन्ही हवेत. पाण्याबरोबर ताक किंवा कोकम सरबत द्यावं.

मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि किमान एक महिला प्रशिक्षक नसेल तर मी नाव घालू नका म्हणेन. कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत असणार नाही, हा नियम दोन्ही शिबिरांत उघड सांगितला गेला पाहिजे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, आणि चर्च त्याला अपवाद नाही.

शेजारची हिंदू, मुसलमान, लिंगायत घरातली मुलंही खेळायला येतात, विशेषतः मैदानावर. त्यांच्या आईबापांना आधीच साफ सांगावं की इथं प्रार्थना आणि शास्त्रपाठ असतो. पटलं तर पाठवा, नाहीतर फक्त खेळाच्या वेळेत पाठवा. लेखी संमती घ्यावी. जिथं हे लपवून केलं जातं तिथं मी माझंही मूल घालणार नाही.

वर्गणी दोन्हीकडं बहुधा नाममात्र असते. खेळाच्या शिबिरात बूट आणि नाश्त्याचा खर्च वाढतो. अनवाणी खेळू देतात का ते विचारा, बूट नाहीत म्हणून कुणी घरी बसू नये.

खासगी कोचिंग कॅम्पचं थोडक्यात: मुलाला खरोखर खेळाडू व्हायचं असेल तर तिथंच जावं. चर्चचं शिबिर त्याची जागा घेत नाही.

बहिणीला मी काय सांगितलं

धाकटीला व्हीबीएसमध्येच घाल. नऊ वर्षांखालच्या मुलासाठी माझं मत बदलत नाही. मैदानावर मोठ्यांच्या गर्दीत ती हरवेल, आणि वचनाची वही तिला आयुष्यभर पुरेल. मोठ्याला खेळ-सेवा शिबिरात. मात्र त्याच्या मराठीसाठी मी शिबिरात रोजचं वचन फळ्यावर मराठीतच लिहायला लावतो, आणि तो ते धाकटीकडून पाठ करून घेईल.

"आणि तिकडून परत आल्यावर?" तिनं विचारलं. तुमच्या गल्लीच्या टोकाला ती एकटी म्हातारी राहते ना, आपण लहानपणी जिच्या परड्यातले पेरू चोरायचो, ती. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याला तिच्या घरी घागरी भरायला पाठव. पहिल्या दिवशी तू सोबत जा. पुढं तो एकटा जातो का ते बघ, आणि मला फोन करून कळव.