बर्डीत शिवलेल्या दोन सॅक, दोन वर्षं वापरून

सप्टेंबर २०२३ मध्ये जर्मनीला जायच्या आधी बर्डीतल्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या, एका बॅगवाल्या काकांकडून मी दोन सॅक शिवून घेतल्या. मोठी साठ लिटरची, २६०० रुपयांना. छोटी तिच्याच उरलेल्या कापडाची, ४५० ला. छोटी माझ्या यादीत नव्हतीच. मोठीचा भाव काही केल्या उतरेना तेव्हा आईने "मग उरलेल्या कापडाचं तरी काहीतरी करून द्या" म्हणून ती पदरात पाडून घेतली. मोठीसाठी मी तीन महिने व्हिडिओ पाहून वहीत चित्रं काढली होती. छोटी घरी येईपर्यंत मी नीट पाहिलीही नव्हती. आता दोन्ही परत आल्या आहेत. ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांनी एवढंच करा: छोटी आधी सांगा, मोठीचं नंतर पाहू.

दुकान म्हणजे बर्डीतल्या मोदी नंबर नावाच्या गल्ल्यांपैकी एकीत जिन्याखाली सरकवलेली मशीन आणि वर लटकलेली दप्तरं. पाटी नाही. काकांचा खरा धंदा शाळेची दप्तरं आणि एमआर लोकांच्या औषधांच्या बॅगा. उन्हाळा संपला की कूलरची कव्हरं. साडेअकराच्या आधी जाऊ नका, रविवारी बंद. मी वही उघडून चित्र दाखवलं तर त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"कुठं जाऊन राहिली वं?"

"जर्मनीला, शिकायला. मग सुट्टीत काम करीन अन् युरोप फिरीन."

"फिरतानी हे सारं पाठीवर राहीन, का रूमवर?"

"पाठीवर," मी ठसक्यात सांगितलं. त्या दिवशी दुकानात तेवढा एकच कामाचा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं.

माल मात्र चोख. बाहेरून जाड नायलॉन, आतून रेक्झिन, दहा नंबरची चेन, खांद्याच्या पट्ट्यात बोटभर जाडीचा फोम, आणि जिथे ताण येतो तिथे चौकोन करून आत फुली मारलेली शिलाई. रिकामी सॅक रद्दीवाल्याच्या काट्यावर दोन किलो दोनशे भरली. मी हट्टाने मागितलेली गोष्ट म्हणजे तीन बाजूंनी फिरणारी चेन, त्यामुळे ती सुटकेससारखी आडवी उघडते. आठ जणांच्या खोलीत, सगळे झोपलेले असताना, मोबाइलच्या उजेडात मोजे शोधायची वेळ आली की या चेनची किंमत कळते. वरून उघडणाऱ्या सॅकवाले बिचारे सगळं सामान पलंगावर ओततात. कमरेचा पट्टा काकांनी स्वतःहून सुचवला होता. दीडशे रुपये वाचवायला मीच नको म्हटलं. चौदा किलो दोन खांद्यांवर घेऊन जर्मनीतल्या लाइपझिगच्या स्टेशनपासून वसतिगृहापर्यंत चालत गेले, त्याच रात्री ते दीडशे रुपये मला वसूल होऊन मिळाले.

आता मोठी सॅक ज्या स्वप्नासाठी शिवली त्याबद्दल, कारण नागपूरहून निघणाऱ्या बऱ्याच पोरापोरींचं ते असतं. महिनाभर फ्रान्समध्ये द्राक्षं तोडायची, मग पोर्तुगालच्या हॉस्टेलात रिसेप्शनवर बसायचं, हिवाळ्यात ऑस्ट्रियात हॉटेलच्या खोल्या आवरायच्या, पैसे संपले की पुढचं काम. घर पाठीवर, गोगलगायीसारखं. हे करणारे लोक खरेच आहेत, मला भेटले. पण त्यांच्याकडे युरोपियन युनियनचं नागरिकत्व असतं, म्हणजे कुठल्याही सदस्य देशात जाऊन काम करायचा हक्क. किंवा ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे असतात. त्यांच्या सरकारांनी तरुणांच्या कामासह सुट्टीसाठी युरोपातल्या अनेक देशांशी करार केलेले आहेत. आपल्या पासपोर्टवर ही गोगलगाय चालत नाही. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालणारा, टुरिस्ट व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा, फी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा विमा, आणि कमाई शून्य. "पैसे नको, झोपायला पलंग द्या, मी चार तास झाडू मारते" हेसुद्धा बऱ्याच देशांत कामच धरतात.

धरमपेठेतल्या एका कन्सल्टन्सीत माझ्या आतेभावाला नेमकं हेच सांगितलं होतं की टुरिस्टवर जा, हॉस्टेलवाले ठेवून घेतात, कोण विचारतं. विचारतात. सापडलात तर परत पाठवणी होते आणि पुढे काही वर्षं शेंगेनचं दार बंदही होऊ शकतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तर सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन ये-जा नोंदवायला सुरुवात झाली आहे. किती दिवस राहिलात हे आता यंत्रच मोजणार. आतेभाऊ गेला नाही. कन्सल्टन्सीने भरलेले पैसे काही परत दिले नाहीत.

माझं काम झालं ते विद्यार्थी म्हणून. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला १२० पूर्ण दिवस किंवा २४० अर्धे दिवस काम करता येत असे. मार्च २०२४ पासून ते १४० आणि २८० झाले. मी वहीच्या शेवटच्या पानावर दूधवाल्याच्या हिशेबासारख्या रेघा ओढत असे, अर्धा दिवस म्हणजे आडवी, पूर्ण म्हणजे फुली. जर्मनीच्या निवास परवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत फिरता येतं, तेही १८० दिवसांत ९० दिवसच, पण तिथे काम करता येत नाही. थोडक्यात, रोजी एका देशात आणि भटकंती बाकीच्यांत. खोली एक, मोजे वाळवायची दोरी एक. मग पाठीवर घर घेऊन फिरणार कोण? मोठी सॅक दोन वर्षांत चारदा बाहेर निघाली: जाताना, येताना, खोली बदलताना आणि एकदा द्राक्षांच्या वेळी. बाकी वेळ ती पलंगाखाली जाड रजई पोटात घेऊन पडून होती. काकांचा प्रश्न मला तेव्हा आठवला.

छोटीला मात्र सुट्टी नव्हती. काकांनी कापडात बसेल तेवढी केली, ३९ बाय २८ बाय १९ सेंटिमीटर. स्वस्तातल्या काही विमान कंपन्या ४० बाय ३० बाय २० ची बॅग सीटखाली फुकट नेऊ देतात. माप आईच्या घासाघिशीतून निघालं की दैवयोगाने, देव जाणे, पण बुडापेस्टपर्यंत आणि परत तिने एक छदाम खर्चू दिला नाही. एकदाच नडलं. पुढच्या खिशात प्लमच्या जॅमची बाटली कोंबली होती, तिचा फुगवटा मापाच्या चौकटीत अडकला आणि गेटवरच्या बाईने ५८ युरो मोजून घेतले. त्या जॅमने मी महिनाभर पोळी खाल्ली, दर घासाला हिशेब करत.

द्राक्षांचं सांगते, कारण सॅकची खरी परीक्षा तिथे झाली. सप्टेंबर २०२४, जर्मनीतलंच मोझेल नदीचं खोरं. लाइपझिगहून पाच गाड्या बदलून गेले, तेव्हा दरमहा ४९ युरोला मिळणाऱ्या देशभराच्या तिकिटावर, जे स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, वेगवान गाड्यांना नाही. तिथले द्राक्षमळे शेत कमी आणि भिंत जास्त. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट डोंगर युरोपातल्या सगळ्यात तीव्र उताराच्या द्राक्षमळ्यांत मोजतात. आमचा त्याच्या मानाने सौम्य होता, तरी पहिल्या दिवशी मी निम्मी बसूनच उतरले. पायाखाली काळ्या पाटीच्या दगडाचे तुकडे, ते घसरतात आणि तव्यासारखे तापतात. हातात छोटी कात्री, घड कापायचा, सडके मणी टोकाने उडवायचे, बादलीत टाकायचा. रस बोटांवर वाळून गोंद होतो, आणि त्या गोंदावर गांधीलमाश्या. भरलेल्या बादल्या पाठीवरच्या पिंपात घेऊन वर चढणारी माणसं वेगळी, त्यांना मजुरी जास्त आणि नमस्कारही जास्त.

छोटी सॅक दहा दिवस माझ्या पाठीवर होती. पाणी, पावसाचं जाकीट, जादा हातमोजे, दुपारचा डबा. पट्ट्यांचा फोम बसला नाही. नायलॉनवर रस सांडला तो ओल्या फडक्याने निघाला, एक जांभळट डाग सोडून, तो अजून आहे. मळ्याचे मालक आजोबा एकदा ती फुलीची शिलाई अंगठ्याने दाबून बघत होते आणि कुठली म्हणून विचारलं. मी नागपूर म्हटलं. त्यांना काही समजलं नाही, मग मी संत्री म्हटलं, तर हसले. मजुरी तेव्हाच्या कायद्याने तासाला १२ युरो ४१ सेंट, त्यातून खोलीचे पैसे कापून. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "काटोलला मामाच्या बागेत कधी एक संत्रं तोडलं नाहीस, अन् तिकडे जाऊन मजुरी करून राहिली." खरं आहे. आंबिया बहाराची तोडणी चालू असायची आणि आम्ही बांधावर बसून फोडी खायचो.

ख्रिसमसच्या बाजाराचं काम सोपं वाटलं होतं. लाइपझिगचा हा बाजार १४५८ पासूनचा सांगतात. मी गरम वाइनच्या स्टॉलवर रिकामे मग गोळा करून धुवायला होते. गिऱ्हाईक मगची अनामत भरतं आणि मग परत केला की पैसे घेऊन जातं, म्हणून चोख मोजावं लागतं. खाण्यापिण्याच्या कामाआधी आरोग्य खात्याचं एक सत्र करून दाखला घ्यावा लागतो, तो कागद मी छोटीच्या पाठीकडच्या कप्प्यात ठेवत असे, रेक्झिनमुळे कोरडा राहिला. नागपूरच्या सेहेचाळीस डिग्रीत वाढलेल्या माणसाला शून्य डिग्रीत दगडावर आठ तास उभं राहणं काय असतं ते शब्दांत सांगून उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या स्टॉलवरच्या मुलीने पायाखाली खोक्याचा पुठ्ठा दोन पदरी टाकायला शिकवला. तिथून पुढे मी सॅकमध्ये घडी केलेला पुठ्ठा घेऊनच जात असे.

आता तक्रारी. थंडीत आतलं रेक्झिन पापडासारखं कडक होतं. दुसऱ्या हिवाळ्यात मोठीच्या तळाशी, जिथे घडी पडते तिथे, ते तडकलं आणि त्याचा भुगा रजईला लागला. काकांना सांगून आत साधं कापडाचं अस्तर लावून घ्या. काळ्या पायपिंगचा रंग पहिल्या पावसात सुटला, क्राकोमध्ये माझ्या पिवळ्या टीशर्टवर दोन पट्टे उमटले, जानव्यासारखे. छातीवरचं प्लास्टिकचं बकल जानेवारीत नुसत्या दाबण्याने तुटलं. आणि मोठीच्या चेनचा रनर खोली बदलायच्या दिवशीच निघून हातात आला.

तो लाइपझिगमध्ये एका व्हिएतनामी काकूंनी बसवून दिला. पूर्व जर्मनीच्या काळात व्हिएतनाममधून कामगार म्हणून आलेली बरीच माणसं तिथेच राहिली, कपडे दुरुस्तीची बरीच दुकानं त्यांचीच. काकूंनी सॅक उलटी केली, शिवण बोटाने चाचपली आणि न बोलता मान हलवली. मग १२ युरो घेतले.

एकुणात छोटीला पाचपैकी पाच, जांभळ्या डागासकट. मोठीला साडेतीन, त्यातला एक गुण कापला तो खरं तर माझा आहे, पट्टा नको म्हटल्याचा. टुरिस्ट म्हणून तीन आठवडे फिरणाऱ्यांनी साठ लिटरच्या भानगडीत पडूच नये, पस्तीस-चाळीस पुष्कळ झाले. तशी सॅक काका आता अठराशेला देतो म्हणतात, छोटीचे सहाशे.

गेल्या आठवड्यात मोठी दुरुस्तीला घेऊन गेले. काकांनी आधी चेन ओढून पाहिली.

"हा रनर माझा नाही. किती घेतले याचे?"

"बारा युरो. आपले हजाराच्या वर."

काकांनी मशीन थांबवली आणि समोरच्या घड्याळवाल्याला हाक मारली, "अरे इकडं ये, हजाराचा रनर पाह्य!" तो आला, त्याच्यामागून चहावाला पोरगा आला, तिघांनी आळीपाळीने ओढून पाहिला. बर्डीत तो तीस रुपयांत बसतो.

अस्तर बदलून आणि कमरेचा पट्टा लावून बुधवारी देतो म्हणाले होते. आज शुक्रवार आहे.