व्हेरिकोजची जखम : क्रेप बँडेज की स्टॉकिंग?

घोट्याच्या आतल्या बाजूची, भरत आली म्हणता म्हणता पुन्हा पाणी सोडणारी जखम ज्यांना आहे, त्यांची मलमं सगळी लावून झालेली असतात. शिरांच्या झडपा गळक्या झाल्या की रक्त पायात तुंबतं आणि बाहेरून दाब दिल्याशिवाय जखम धड भरत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. अडतं ते दाब कशाने द्यायचा इथे.

मी दोन्ही वापरलंय. ठाण्यात नौपाड्याला दुकान आहे, दिवसभर काउंटरमागे उभा असतो; बसून काम करणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकेल.

क्रेप बँडेज स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं आणि पाय कितीही सुजलेला असो, बसतं. जखम मोठी असेल, ड्रेसिंग भिजून जाण्याइतकं पाणी येत असेल, तर सुरुवात बँडेजनेच केलेली बरी. मात्र बांधणारा हात सरावाचा हवा: बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, टाच झाकून, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवत.

पण ते घसरतं! सकाळी कितीही नीट बांधा, दुपारी जेवायच्या वेळेला पोटरीवरून उतरून घोट्याच्या वर त्याचं कडं झालेलं असतं. तेही जखमेला अगदी लागून. सोडून बघावं तर कातडीत लाल खाच, आणि तिच्या वरखाली सूज टच्च. समोर गिऱ्हाईक उभं, मी खाली वाकून पँट वर करतोय, आणि ती दातेरी क्लिप कुठल्यातरी खोक्यामागे उडालेली. त्यात चार धुण्यांत ताण जातो तो वेगळाच. मला तरी याचाच वीट आला.

जखमेसाठीचं स्टॉकिंग दुपदरी मिळतं. आतला पातळ मोजा ड्रेसिंग धरून ठेवतो, वरचा दाब देतो. दोन्ही मिळून घोट्याशी दाब साधारण ३५ ते ४० मिमी पारा (रक्तदाब मोजतात तेच माप). घोट्याशी जास्त आणि वर कमी, हा हिशेब विणीतच असल्यामुळे बांधणाऱ्याच्या हातावर काही राहत नाही. चढवणं मात्र कुस्ती आहे. स्टॉकिंग बोटांशी उघडं असेल तर पावलावर आधी प्लास्टिकची पिशवी घालून वरून मोजा ओढायचा, मग बोटांकडून पिशवी काढून घ्यायची. मे महिन्यात खाज सुटते, किंमतही टोचते.

२०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या साडेचारशे रुग्णांवर केलेली बँडेज आणि स्टॉकिंगची तुलना आली होती. दोन्ही गटांत ७० टक्क्यांच्या आसपास जखमा भरल्या, वेळही जवळपास सारखाच, तीन महिन्यांहून थोडा जास्त. स्टॉकिंगवाल्यांत जखम पुन्हा उघडण्याचं प्रमाण कमी, पण ते मध्येच सोडणारेही जास्त. आणि तिथलं बँडेज चार थरांचं होतं, नर्सने बांधलेलं. आपल्या घरच्या क्रेपला तो निकाल लावणं जरा उदारपणाचंच.

दोन्हींच्या आधी डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह बघणारी तपासणी) करून धमनीचा पुरवठा बघून घ्यावा, मधुमेह किंवा विडी-सिगारेट असेल तर नक्कीच. रक्तच कमी पोचत असेल तर घट्ट दाबाने पाय धोक्यात येतो.

स्टॉकिंगचं माप सकाळी, सूज चढायच्या आत द्या. आणि शक्य असेल तर दोन जोड घ्या. ठाण्याच्या पावसाळ्यात धुतलेला जोड सकाळपर्यंत वाळेलच असं नाही.