वेगळ्या लिंबांची नर्सरी, शेंदुरजनाघाट: खुंट विचारला तर खरं सांगतात

वरूड-मोर्शीकडच्या माणसाला संत्र्याची कलमं कुठं मिळतात हे सांगावं लागत नाही, शेंदुरजनाघाटला गेलं की नर्सऱ्याच नर्सऱ्या. पण तिथं जाऊन गंधराज, मकरूट, कॅलामोंडिन, काजी नेमू असं काही वेगळं लिंबू मागितलं की बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, "ते कोण घेते भाऊ, संत्रा न्या, मोसंबी न्या." एक नर्सरी मात्र हे सगळं ठेवते. मालकाला नाव-नंबर असा कुठं टाकलेला नको आहे, घरचेच लोक काम करतात अन् फोन उचलायला माणूस नाही म्हणतात, म्हणून नाव लिहीत नाही. गावात कोणालाही वेगळ्या लिंबांवाले कुठं बसतात विचारा, सांगतील.

मला ही नर्सरी काहून आवडली तं तिथं पहिले खुंटावर, म्हणजे कलम ज्या मुळाच्या झाडावर बांधतात त्याच्यावर बोलणं होते, फळाच्या फोटोवर नाही. आमच्याकडची माती काळी, चुनखडीची, आणि अशा मातीत ट्रायफोलिएट (तीन-तीन पानांच्या काटेरी जातीच्या) खुंटावरचं झाड नीट चालत नाही, लोह उचलत नाही, पानं पिवळी अन् शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मग कितीही फेरस (लोहाचं खत) मारा. थंड भागात तो खुंट चांगला आहे, पण विदर्भात नको. मी आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मकरूट मागवलं होतं, खुंट कोणता म्हणून विचारलं तर उत्तर आलं "ग्राफ्टेड प्लांट आहे सर". कलम वाळलं आणि खालून तीन-तीन पानांचे काटेरी फोक आले, म्हणजे खुंट तोच ट्रायफोलिएट. पैसे गेले ते गेले, पण वर्षभर पाणी घातलं त्याचं जास्त वाईट वाटते.

इथली कलमं सगळी जंबेरीवर नाहीतर रंगपूर लाईमवर आहेत, हे दोन्ही लिंबाच्याच जातीचे खुंट. जंबेरीवर झाड जोमात वाढते पण डिंक्याला (खोडातून डिंक गळायच्या रोगाला) लवकर बळी पडते, रंगपूर पाण्याचा ताण अन् चुनखडी जास्त सोसते. हे मालकांनी स्वतः सांगितलं, आणि माझी जागा कशी, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते हे विचारून मग कोणतं रोप न्यायचं ते सांगितलं. डोळा (हव्या त्या झाडाची खुंटावर बसवलेली कळी) जमिनीपासून चांगला वीतभर वर भरलेला असतो, त्यामुळं लावताना जोड मातीत जायची भीती नाही. पिशवीतली माती उन्हाळ्यात प्लास्टिकखाली तापवून घेतात, नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचंही हेच सांगणं आहे, कारण मूळकुजीची बुरशी मातीतूनच येते आणि एकदा वाफ्यात शिरली की शेजारची सगळी रोपं धोक्यात. डोळे ज्या मातृवृक्षावरून काढतात ती झाडं जाळीघरात ठेवली आहेत अन् बघू देतात. झाड हळूहळू संपवणारा ग्रीनिंग रोग डोळ्यातूनही येतो आणि सायला किडीनंही पसरते, त्यामुळं जाळी पाहिली तेव्हा मला बरं वाटलं.

आता आणलेल्या झाडांबद्दल. कॅलामोंडिन सगळ्यात चांगलं निघालं, अठरा इंची पिशवीत लाल माती, शेणखत अन् रेती मिसळून लावलं, फळ बारीक नारिंगी, साल गोड अन् आतला रस झणझणीत आंबट, आमच्या घरी पोह्यावर आता तेच पिळतात. मकरूटचं पान पाहाल तर मधे चिमटल्यासारखं, दोन पानं एकाला एक जोडलेली, फळाला रस फार नाही पण पान चुरगळलं की अख्ख्या अंगणात वास सुटते. गंधराज बंगालचं लिंबू, वरणभातावर त्याची साल किसून टाका, रसापेक्षा सालीतच जीव आहे. काजी नेमू आसामचं, 2019 ला भौगोलिक मानांकन मिळालेलं, लांबट अन् बहुधा बिनबियांचं. हे मात्र कलमावर नाही, फांदी लावूनच तयार करतात, म्हणून खुंटाचा प्रश्नच येत नाही. महाळुंगही आहे. आपल्या आजी लोकांना माहीत असलेलं हे फळ, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असते ते, पण आमच्या भागात त्याचं झाड शोधून सापडत नाही, म्हणून मला ते मकरूटपेक्षाही मोलाचं वाटते. साल जाड, रस नावापुरता, लोणचं अन् मुरांबा दोन्ही होते.

पपनस घेताना मात्र कलमच मागा. पपनसाच्या बीतून येणारं झाड आईसारखं निघेलच असं नाही, आणि फळ यायला वर्षानुवर्षं थांबा. इथं बीवरचं रोपही स्वस्तात ठेवतात, विचारलं तं सांगतात, न विचारता सांगत नाहीत. हे मला खटकलं. दुसरं म्हणजे नावाच्या चिठ्ठ्या कागदाच्या, पहिल्याच पावसात विरघळतात, तिथंच मार्करनं पिशवीवर नाव लिहून घ्या. भाव संत्र्याच्या कलमापेक्षा कितीतरी जास्त आहे, घासाघीस चालत नाही, पण मागं कुंडीतलं झाड पिवळं पडलं तेव्हा फोटो घेऊन गेलो तर फुकट अर्धा तास समजावून सांगितलं, त्यामुळं भावाची तक्रार नाही.

फिंगर लाईम, म्हणजे बोटासारखं लांबट लिंबू, नाही त्यांच्याकडं. ऑस्ट्रेलियातल्या पावसाळी जंगलातलं झाड, आपल्या मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जाते तिथं ते जगवायची हमी देता येत नाही म्हणून विकत नाही, असं मालक म्हणाले. ज्याला विकायचंच आहे तो हे बोलत नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

नवीन पालवीवर अळी येतेच, लिंबावरच्या फुलपाखराची पिल्लं पहिले पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसतात, सकाळी हातानं वेचा, दोन-चार झाडांना फवारणी कशाला. अन् रोपं आणायला जून संपता संपता जा, मृगाच्या गर्दीत तिथं संत्र्यावाल्यांच्या गाड्या लागलेल्या असतात, बोलायला वेळ मिळत नाही. काजी नेमू तेवढं आधी सांगून ठेवा, ते थोडंच बनवतात.