फोटोरेक: पुसलेल्या कार्डातून बाबांचं सहस्रचंद्रदर्शन परत मिळालं

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे 412 फोटो माझ्याच हातून पुसले गेले. दोन कार्डं अगदी सारखी दिसणारी. रिकामं समजून भरलेलं कॅमेऱ्यात घातलं, फॉर्मॅट केलं आणि दारातल्या अनंताच्या फुलांचे 4 फोटोही काढले. मग दुसरं कार्ड बघितलं, तर ते कोरं! भाच्याला फोन केला तेव्हा धड बोलताही येत नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, कार्ड आधी बाहेर काढ. आता त्यावर एकही फोटो काढू नकोस."

त्यानंच फोटोरेक सांगितलं. पुसलेल्या फायली परत मिळवून देणारं, क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाचं हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालतं. मूळ रूप काळ्या पडद्यावर अक्षरं दिसणारं, पण विंडोजसाठी बटणं असलेलं क्यूफोटोरेक सोबतच मिळतं. मी तेच वापरलं. जुना कार्ड रीडर डुगडुगत होता म्हणून पुण्यातल्या तापकीर गल्लीतून नवा आणला, 350 रुपयांना.

साधं फॉर्मॅट केल्यावर कार्डावरची फक्त यादी पुसली जाते. फोटो जागेवरच असतात, त्यांच्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. (कॅमेऱ्यात 'लो लेव्हल फॉर्मॅट'वर खूण असती तर मात्र आशा नव्हती.) फोटोरेक ती यादी बघतच नाही, कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून फोटोची सुरुवात ओळखतं. कार्डावर ते काही लिहीत नाही. सापडलेल्या फायली मात्र लॅपटॉपवरच साठवायच्या, चुकूनही त्याच कार्डावर नाही. फॉर्मॅट झालेल्या कार्डासाठी 'होल' (म्हणजे अख्खं कार्ड शोधणं) हा पर्याय निवडायचा. कॅननच्या 'सीआर2' प्रकारच्या रॉ फायली (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेले मूळ फोटो) हव्या असतील तर शोधायच्या फायलींच्या यादीत 'टिफ'वरची खूण काढू नका, त्या त्याच प्रकारात मोडतात.

पाऊण तासात 408 फोटो हाती आले. 81 दिव्यांचं औक्षण, तुला, पणतीला मांडीवर घेतलेले बाबा, सगळं. जे 4 गेले ते अगदी सुरुवातीचे, बाबा सोवळं नेसून पाटावर बसतानाचे. त्यांच्या जागी अनंताची फुलं लिहिली गेली होती. ती फुलं मला अजून बघवत नाहीत.

निवडायला मात्र दोन रात्री गेल्या. मूळ नावं परत येत नाहीत, सगळं 'एफ' आणि लांबलचक आकडे. 'टी'नं सुरू होणाऱ्या फायली म्हणजे फोटोंच्या चिमुकल्या प्रती, त्या खुशाल काढून टाका. फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आतच असते, त्यावरून लावले की क्रम जुळतो. कार्डाच्या शेवटच्या भागातून मागच्या वर्षीचे पालखीचे फोटोही निघाले, भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळाबाहेरचे. तेव्हापासून कार्ड तीनदा तरी फॉर्मॅट झालं असेल!

फोटोंसाठी मी हे कुणालाही डोळे झाकून सांगेन. व्हिडिओंचा भरवसा देणार नाही. फाईल कार्डावर तुकड्यातुकड्यांत लिहिलेली असली की फोटोरेकला ते तुकडे नेहमी जोडता येत नाहीत. बाबांच्या मनोगताचा 11 मिनिटांचा व्हिडिओ सापडला, पण उघडत नाही. ते कार्ड तसंच डबीत ठेवलंय, वर तारीख लिहून. रविवारी भाचा येतोय, तो दुसऱ्या एका पद्धतीनं बघणार आहे.