आभा आणि रेकॉर्डची देवाणघेवाण: तालुक्याच्या दवाखान्यातले नऊ महिने

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी मेडिसिनची ओपीडी आहे. दिवसाला पन्नास-साठ पेशंट, त्यातले निम्मे शुगर-बीपीचे. अँजिओग्राफी पुण्यात, ऑपरेशन पुण्यात आणि नंतरच्या गोळ्या, ड्रेसिंग, रक्त-लघवीच्या तपासण्या आमच्याकडे, असा बहुतेकांचा रिवाज. पुण्यात नेमकं काय केलं ते मला पिशवीतून कळायचं. पिशवीत लाईटबिल, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि तीन वर्षांपूर्वीचा ईसीजी सापडायचा. हवं ते डिस्चार्ज कार्ड मात्र ‘पोराच्या गाडीत राहिलं’ असायचं.

नऊ महिन्यांपूर्वी मी दवाखान्यासाठी आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी, म्हणजे दवाखान्यांची रेकॉर्डं एकमेकांना जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेशी, जोडलेलं सॉफ्टवेअर घेतलं. दवाखान्याची नोंद हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत केली, माझी स्वतःची डॉक्टरांच्या रजिस्ट्रीत. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, कारण मला लिहायचंय ते त्याच्या खालच्या व्यवस्थेबद्दल: एका दवाखान्यातलं रेकॉर्ड दुसऱ्यात सुरक्षित जावं आणि तिथे वाचता यावं यासाठी जे नियम ठरलेत, ते रोजच्या ओपीडीत कसे उतरतात याबद्दल.

पहिल्या महिन्यातच एक काकू आल्या. वय अडुसष्ट, दहा दिवसांपूर्वी पुण्यात अँजिओप्लास्टी झालेली, हातात कागद एकही नाही. गुडघे दुखतात म्हणून त्या माझ्याकडून नेहमीची दुखण्याची गोळी न्यायला आल्या होत्या. त्यांचा आभा क्रमांक, म्हणजे या योजनेतला पेशंटचा ओळख क्रमांक, होता, चौदा आकडी, हॉस्पिटलने दाखल करतानाच काढून दिलेला. मी स्क्रीनवरून संमतीची विनंती पाठवली. त्यात चार गोष्टी भराव्या लागतात: कशासाठी हवंय, कोणत्या प्रकारचं रेकॉर्ड, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं, आणि ते माझ्याकडे कधीपर्यंत ठेवायचं. विनंती गेली ती हिंजवडीतल्या मुलाच्या मोबाईलवर, कारण आभाला नंबर त्याचाच जोडलेला. काकूंनी फोन लावला. “अरे, मॅडमनी काहीतरी पाठवलंय, ते हो म्हण.” मी फोन घेतला आणि काय मागितलंय, का मागितलंय ते त्याला नीट सांगितलं. त्याने वाचून मंजुरी दिली. दोन मिनिटांच्या आत डिस्चार्ज समरी माझ्यासमोर होती: एक स्टेंट, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, आणि घरी सोडतानाचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.६, म्हणजे वाढलेलं. मी दुखण्याची गोळी बंद केली. त्या दिवशी हा कागद आला नसता तर काकू ती गोळी घेऊन घरी गेल्या असत्या आणि किडनीवर आणखी ताण पडला असता. सॉफ्टवेअरचे पैसे माझ्यापुरते त्या दुपारी वसूल झाले.

सुरक्षिततेचा भाग मी मुद्दाम खोलात जाऊन समजून घेतला, कारण पेशंट विचारतात. एका निवृत्त गुरुजींनी अगदी सरळ विचारलं, “मॅडम, म्हणजे माझा आजार आता सगळ्या सरकारला दिसणार का?” त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. सगळ्यांचे आजार एकत्र साठवलेली गोदामासारखी जागा या रचनेत नाही. रेकॉर्ड ज्या हॉस्पिटलने तयार केलं त्याच्याकडेच राहतं. मधली यंत्रणा फक्त निरोप आणि संमती पोचवते: अमुक दवाखान्याला अमुक पेशंटचं अमुक रेकॉर्ड हवंय आणि पेशंटने होकार दिलाय. त्या होकाराचा एक दाखला तयार होतो, त्यावर डिजिटल सही असते, आणि तो पाहिल्याशिवाय हॉस्पिटलने रेकॉर्ड सोडायचं नसतं. पुढे रेकॉर्ड निघतं तेही कुलूपबंद. माझं सॉफ्टवेअर विनंतीसोबत एक सार्वजनिक किल्ली पाठवतं, हॉस्पिटल स्वतःची तयार करतं, आणि दोन्हींतून निघणारं सामायिक गुपित फक्त त्या दोघांनाच काढता येतं. त्यासाठी कर्व्ह २५५१९ ही पद्धत वापरतात आणि प्रत्यक्ष मजकूर एईएस या कुलूप लावायच्या पद्धतीने बंद होतो. कुणी वाटेत अडवलं तरी त्याच्या हाती नुसती अक्षरांची खिचडी लागेल. गुरुजींना मी एवढंच म्हटलं की पाकीट बंद आहे, आणि ते उघडायची किल्ली पोस्टमनकडे नाही. त्यांना पटलं. दिलेली संमती मागेही घेता येते, हे कळल्यावर ते जास्त खूश झाले.

मुदतीची गोष्ट सुरुवातीला मला जाचली. काकू दोन महिन्यांनी परत आल्या तेव्हा ती समरी माझ्या स्क्रीनवरून गेलेली होती, कारण संमतीची मुदत संपली होती. पुन्हा विनंती, पुन्हा मुलाला फोन. चिडचिड झाली. पण विचार केला तर हेच योग्य आहे. २०१६ च्या आपल्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड) मानकांतही म्हटलंय की रेकॉर्ड पेशंटचं असतं, आपण ते त्याच्या वतीने विश्वासाने सांभाळतो. आता मी दीर्घ आजारात मुदत जास्त मागते, त्याचं कारण पेशंटला सांगते, आणि मला स्वतःला जे महत्त्वाचं वाटलं ते माझ्या केसपेपरमध्ये माझ्या शब्दांत लिहून ठेवते. तारखांचंही तसंच. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप मागचं एक वर्षच भरलेलं येतं. कॅन्सरच्या एका जुन्या पेशंटची बायोप्सी त्यामुळे आलीच नाही, आणि मी आठवडाभर समजत राहिले की हॉस्पिटलने ती जोडलीच नसेल. नवीन कुणी वापरायला घेणार असेल तर तो तारखेचा रकाना दर वेळी डोळ्यांनी बघावा.

आता पाकिटाच्या आत काय येतं ते. माझ्या मते सगळं यश-अपयश तिथेच आहे.

रेकॉर्ड ज्या भाषेत येतं ती एफएचआयआर, उच्चार ‘फायर’. एचएल७ या संस्थेचं हे मानक, आणि आपल्याकडे त्याची चौथी आवृत्ती वापरतात. भारतातल्या प्रिस्क्रिप्शनसाठी, डिस्चार्ज समरीसाठी, लसीकरणासाठी त्याचा साचा कसा असावा हे पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत असलेलं एनआरसीईएस हे केंद्र ठरवतं. आपल्या दारातलं हे काम इथल्या फार थोड्या डॉक्टरांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं. या साच्यात प्रत्येक गोष्ट सुटी असते: पेशंट वेगळा, निदान वेगळं, औषध वेगळं, तपासणीचा प्रत्येक आकडा वेगळा. निदानाला स्नोमेड या जागतिक यादीतला कोड, तपासणीला लॉइंक या यादीतला. टाइप टू डायबिटीस कुणी ‘डीएम’ लिहो, कुणी ‘मधुमेह’, कोड ४४०५४००६ एकच. रक्तातलं क्रिएटिनिन म्हणजे २१६०-०, आणि सोबत एकक. एकक किती महत्त्वाचं आहे ते आखातात नोकरी करून आलेल्या एका पेशंटमुळे समजलं. त्याच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १२४ होतं. तो घाबरून गेला होता. ते मायक्रोमोल या वेगळ्या एककात होतं. ८८.४ ने भागलं की आपल्या नेहमीच्या मिलिग्रॅमच्या एककात १.४.

गावातली एक लॅब हे सगळं नीट भरून पाठवते. त्यांच्याकडून आलेले आकडे माझ्या स्क्रीनवर आपोआप एका रेषेत बसतात. शुगरच्या एका शेतकरी मामांचं क्रिएटिनिन सात महिन्यांत १.१, १.३, १.६ असं चढलेलं मला त्या रेषेमुळे दिसलं. सुटे रिपोर्ट हातात असताना १.३ ला मी ‘ठीक आहे’ म्हटलं होतं, माझ्याच अक्षरात केसपेपरवर लिहिलेलं आहे. रेष पाहिल्यावर त्यांना नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवलं.

आणि बाकीचे? बाकीचे पीडीएफ पाठवतात. साच्यात त्याची सोय आहे, जुने कागद जोडता यावेत म्हणून, आणि ती हवीच. पण नवीन, आज कॉम्प्युटरवर टाईप केलेली समरीसुद्धा प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून आडवी चढवली जाते. तांत्रिकदृष्ट्या देवाणघेवाण झाली. मशीनला मात्र त्यातलं एक अक्षर कळत नाही.

एक प्रसंग सांगते, कारण तो माझ्या मनातून जात नाही. पंचेचाळिशीचा माणूस, पायाला जखम, ताप. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमधलं दोन वर्षांपूर्वीचं रेकॉर्ड मी मागवलं, लगेच आलं. मी अँटिबायोटिक लिहायला घेतलं. सॉफ्टवेअरने काही इशारा दिला नाही. अ‍ॅलर्जीचा रकाना रिकामा होता. सवयीने मी जोडलेली पीडीएफ उघडली, आणि तिसऱ्या पानावर, नर्सिंगच्या तक्त्याच्या कोपऱ्यात, हाताने लिहिलेलं दिसलं: ‘पेनिसिलिनने अंगावर गांधी, श्वास लागला.’ मी लिहीत होते ते त्याच कुळातलं औषध. त्याला स्वतःला आठवत होतं फक्त ‘कुठल्यातरी इंजेक्शनने खाज आली होती’ एवढंच. एफएचआयआरमध्ये अ‍ॅलर्जीसाठी स्वतंत्र जागा आहे. ती भरायला कुणाची तरी वीस सेकंदं गेली असती. ज्या नर्सने ते लिहिलं तिने आपलं काम चोख केलं होतं, पण तिचं लिहिणं त्या रकान्यापर्यंत पोचवायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. त्या दिवसापासून आलेली प्रत्येक पीडीएफ मी शेवटच्या पानापर्यंत वाचते. ओपीडीला उशीर होतो, होऊ दे.

नावांचा गोंधळ वेगळाच. पेशंटचं जुनं रेकॉर्ड शोधताना मोबाईल, नाव, लिंग आणि जन्मवर्ष जुळवून पाहतात. आमच्याकडे आधारवर निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा जन्म १ जानेवारीचा, आणि हॉस्पिटलच्या खिडकीवर वय सांगतात ‘असेल सत्तर’. आधारवर लक्ष्मीबाई, हॉस्पिटलात लक्ष्मी. एकाच घरात पाच माणसं, मोबाईल एक. माझ्या रिसेप्शनवरची सुनीता आता नोंदणीलाच आधारप्रमाणे नाव आणि वर्ष घालते, आणि आधीचा आभा पत्ता (ईमेलसारखं दिसणारं आभाचं नाव) आहे का ते विचारते. एका माणसाचे दोन आभा पत्ते निघाले की अर्धं रेकॉर्ड एकाखाली आणि अर्धं दुसऱ्याखाली दिसतं. तिने हे शिकून घेतल्यापासून ‘रेकॉर्ड सापडलं नाही’ हा निरोप खूप कमी झालाय.

बाकी किरकोळ. विनंतीचं उत्तर समोरचा सर्व्हर चालू असेल तरच येतं. शनिवारी रात्री एका छोट्या हॉस्पिटलचा सर्व्हर बंद असतो, तेव्हा सोमवारपर्यंत ‘प्रलंबित’. एक्स-रे आणि एमआरआयचे फोटो माझ्यापर्यंत या मार्गाने अजून एकदाही आलेले नाहीत, अहवाल येतो आणि फिल्म पिशवीतूनच.

छोट्या दवाखान्यांनी हे घ्यावं का? घ्यावं. फक्त सॉफ्टवेअर बघायला बसाल तेव्हा नोंदणी किती झटपट होते हे दाखवणाऱ्या माणसाला थांबवा. त्याला म्हणा, बाहेरून आलेली एक डिस्चार्ज समरी उघडून दाखव, त्यातली औषधं माझ्या औषधांच्या यादीत सुटी उतरतात का ते दाखव, आणि मी लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन बाहेर जाताना कोडसकट जातं की चित्र होऊन, तेही दाखव. मी हे विचारलं नव्हतं. पहिले चार महिने माझीही प्रिस्क्रिप्शनं चित्र होऊनच जात होती, आणि ते मला एका फिजिशियन मैत्रिणीने फोन करून सांगितलं तेव्हा कळलं. आता प्रत्येक औषध यादीतून निवडते. एका पेशंटला साधारण अर्धा मिनिट जास्त लागतो.

अ‍ॅलर्जीबद्दल मी कंपनीला लिहिलं: रकाना रिकामा असेल तर ‘नोंद नाही’ असं लाल अक्षरात दाखवा, कारण ‘अ‍ॅलर्जी नाही’ आणि ‘विचारलंच नाही’ हे दोन वेगळे आहेत, आणि मानकात दोन्हींसाठी वेगळी सोय आहे. पुढच्या अपडेटमध्ये करू, असं त्यांचं उत्तर आलंय. तोवर सुनीताने प्रत्येक केसपेपरवर उजवीकडे वर एक चौकोन छापून घेतलाय. तो भरल्याशिवाय ती पेशंटला आत सोडत नाही.