हार्ड डिस्क अडखळायला लागली: घरी कॉपी, दुकान की लॅब?

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी ठाण्याच्या नौपाड्यातल्या मावशीचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटर सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घेतोय. फोटोंचं फोल्डर उघडलं की सगळं अडकतं. तू येईपर्यंत ते एरर तपासणारं लावून ठेवू का?"

"मावशी, काही लावू नकोस. बंद कर आणि चहा टाक, निघालोच."

'ते एरर तपासणारं' म्हणजे विंडोजचं चेकडिस्क. धडधाकट डिस्कवर ते कामाचं. पण आजारी डिस्कवर ते तासन्‌तास एकेक सेक्टर (डिस्कवरचा डेटा ठेवायचा छोटा कप्पा) वाचत बसतं, आणि वर फाइलींच्या नोंदी दुरुस्त करायच्या नादात मूळ डिस्कवरच लिहितं. अशा डिस्कचे किती तास उरलेत ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून ती पुन्हा चालू करण्याआधीच ठरवायचं: स्वतः कॉपी काढायची, दुकानात द्यायची की डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवायची.

पहिली परीक्षा कानांची. एका लयीत टक-टक येत असेल, चकती फिरतच नसेल किंवा १ टीबीची डिस्क भलतीच क्षमता दाखवत असेल, तर घर आणि दुकान दोन्ही बाद. चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यावर जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. हेड बिघडलं असताना डिस्क चालू ठेवली तर चकतीवर ओरखडे पडू शकतात, आणि ओरखड्याखालचा डेटा लॅबलाही परत आणता येत नाही. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. ठाण्याच्या जुलैत फ्रीझरमधून काढलेल्या वस्तूला किती पाणी सुटतं ते आठवा.

आवाज नेहमीचा, पण काम रखडतंय, अशी केस असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा. पिवळा-लाल रंग बघून थांबू नका, खालचा तक्ता वाचा. ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे टांगून ठेवलेले, सी६ म्हणजे दुरुस्तीपलीकडचे. आकडे मुळात सोळाच्या पायात (९ नंतर ए ते एफ, मग १०) दिसतात, त्यात भलेभले फसतात. मावशीकडे सी५ समोर १सी होतं, म्हणजे २८. तासाभरात ३ए झालं, म्हणजे ५८. स्थिर आकड्याला मी फार घाबरत नाही, वाढत्या आकड्याला घाबरतो. आणि फक्त सी७, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर आधी केबल बदला. तो आकडा खाली येत नाही, पण वाढायचा थांबला तर डिस्क बहुधा ठीक आहे.

घरच्या कॉपीचा खर्च म्हणजे एक नवी डिस्क, जी तशीही लागणारच. मोजकंच हवं असेल तर आधी तेवढं फोल्डर उचला. सगळं हवं असेल तर विंडोजच्या कॉपी-पेस्टच्या भरवशावर राहू नका, ते एका खराब फाइलवर अडून बसतं. लिनक्सवरचं (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) डीडीरेस्क्यू हे कॉपीचं सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. कुठवर आलो याची नोंदही ठेवतं, त्यामुळे वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. धोका एकच, पण मोठा: कुठली डिस्क मूळ आणि कुठली कोरी यात उलटापालट झाली तर खेळ खलास. दोन्हींचे सीरियल नंबर कागदावर लिहूनच कमांड द्या. निरोगी १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबी या वेगाने पावणेतीन तासांत उतरते, आजारी डिस्कला दिवस लागू शकतात.

दुकानाचा फायदा म्हणजे हात आणि हत्यारं. लॅपटॉप उघडणं, केबल, केसिंग, नव्या एसएसडीवर (चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) विंडोज टाकणं यात त्यांचा हात कोण धरणार? पण बऱ्याच ठिकाणी सवय असते ती 'फॉरमॅट मारून देतो'ची. देताना दोनच गोष्टी विचारा: आधी क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब कॉपी, काढणार का, आणि मूळ डिस्कवर काही लिहिणार नाही ना? उत्तर गुळमुळीत आलं तर डिस्क उचला आणि घरी या. सर्किट बोर्ड बदलून बघू म्हणाले तरी तेच. आजच्या डिस्कमध्ये बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मापं असतात, नुसता तसाच दुसरा बोर्ड लावून सहसा भागत नाही.

लॅब महाग. काम हजारांत जातं, हेड बदलायचं असेल तर पाच आकड्यांत. धूळमुक्त खोली आणि जुळणाऱ्या डिस्कमधून काढलेलं हेड, याचे ते पैसे. तपासणीचे पैसे किती, डेटा न मिळाल्यास किती आणि पैसे भरण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, हे लेखी घ्या. आधी कुणी डिस्क उघडली असेल तर ते लपवू नका. वॉरंटीवर मात्र विसंबू नका: त्यात डिस्क बदलून मिळते, डेटा नाही.

एसएसडीला यातलं बरंच लागू होत नाही. ती आवाज करत नाही, अनेकदा पूर्वसूचनेशिवाय जाते, आणि डिलीट केलेलं ट्रिममुळे (डिलीट झालेल्या जागा आपोआप साफ करायची सोय) परत येणं जवळपास अशक्य. तरी रोजच्या वापराला मी मावशीला एसएसडीच दिली. कपाटात ठेवायच्या बॅकअपला मात्र साधी हार्ड डिस्क, कारण एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिलेली चांगली नाही.

मावशीची कॉपी रविवारी संध्याकाळी लावली, मधे दोनदा वीज गेली, मंगळवारी सकाळी संपली. दोन फोटो अर्धे आले. एक गडकरी रंगायतनमधल्या प्रयोगाचा: वर काकांचा चेहरा शाबूत, खाली पेटीच्या जागी करडा पट्टा.